तरतरी आणि उचल : येर्बा मातेचा इतिहास

आर्जेंटिनाहून आलेल्या एका सहकाऱ्याने काही वर्षांपूर्वी मला प्रथम माते पाजले, तेव्हा माझ्या हातून एक चूक झाली. मुठीत मावेल एवढा वाळवलेला भोपळा, त्यात पाऊणभर हिरवट चुरा आणि त्या चुऱ्यात खोचलेली धातूची नळी. त्याने थर्मासमधले थोडे गरम पाणी त्यात ओतले आणि भोपळा माझ्या हाती दिला. पहिल्या घोटाला जे जाणवले ते चहासारखे मुळीच नव्हते. कडूनिंबाचा काढा, उन्हात वाळलेले गवत आणि चुलीचा धूर या तिन्हींची आठवण एकदमच झाली. सभ्यपणाने मी भोपळा रिकामा केला आणि परत देताना, मला येत असलेल्या चार स्पॅनिश शब्दांपैकी एक वापरून, 'ग्रासियास' म्हणजे 'धन्यवाद' म्हणालो. त्यानंतर तासभर तो भोपळा पाच जणांत फिरत राहिला. माझ्याकडे मात्र पुन्हा आला नाही. नंतर सहकाऱ्याने हसत खुलासा केला की 'ग्रासियास' म्हणणे म्हणजे 'आता पुरे' म्हणणे. ज्याला आणखी हवे असते तो काही न बोलता भोपळा परत देतो. आपल्याकडे पंगतीत पानावर आडवा हात धरला की वाढपी पुढे सरकतो, तसाच हा प्रकार. मी नकळत पानावर हात धरला होता.

मराठी कानाला 'माते' हे संबोधन वाटते, पण या शब्दाचा मातेशी काही संबंध नाही. अँडीज पर्वतातल्या केचुआ भाषेत 'माती' म्हणजे भोपळ्याचे पात्र. आपला दुध्या भोपळा ज्या जातीचा, त्याच जातीच्या वेलीचे हे लहान, कडक कवचाचे फळ. 'येर्बा' हा स्पॅनिश शब्द. अर्थ केवळ 'वनस्पती' किंवा 'पाला'. ब्युनोस आयरेसमध्ये त्याचा उच्चार 'शेर्बा'च्या जवळ जातो. ज्यांच्या अरण्यात हे झाड मुळात वाढते त्या गुआरानी लोकांचा शब्द 'काआ', आणि त्याचाही अर्थ वनस्पती असाच. म्हणजे पान गुआरानींचे, पात्राचे नाव इंकांच्या भाषेतले आणि बाजारातले नाव स्पॅनिशांचे. पुढे पात्राचेच नाव पेयाला मिळाले. गुआरानी शब्द मात्र नेहमीच्या व्यवहारातून बाजूला पडला. नावांची ही वाटणी पुढच्या इतिहासाशी सुसंगतच म्हणावी लागेल.

या पेयाविषयी गेल्या चारशे वर्षांत जे लिहिले गेले त्यातले थोडेफार वाचताना एक गोष्ट ध्यानात आली. पानातले द्रव्य तेच राहिले, पण त्याचा गुण म्हणून जे सांगितले गेले ते दर काही पिढ्यांनी बदलले. कधी ते सैतानाचे देणे ठरले, कधी आळसाचे मूळ, कधी औषध, कधी कामाचा हुरूप, तर कधी मैत्रीची खूण. या सगळ्या काळात ज्यांनी ते पान तोडले, भाजले आणि पाठीवर वाहिले त्यांच्याविषयी फार थोड्यांनी लिहिले. मातेची चव आणि तरतरी यांचा इतिहास लिहायचा तर तो या दुसऱ्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही, असे मला वाटते.

कडू, तुरट आणि धुरकट

प्रथम चवीविषयी. येर्बाचे झाड सदाहरित आहे. पाराना आणि पाराग्वे या नद्यांच्या परिसरात, म्हणजे पाराग्वेचा पूर्व भाग, ब्राझीलचा दक्षिण भाग आणि आर्जेंटिनाचा मिसिओनेस प्रांत एवढ्याच प्रदेशात ते नैसर्गिकपणे वाढते. चहाशी किंवा कॉफीशी त्याचे वनस्पतिशास्त्रीय नाते नाही. पानांसकट फांद्या तोडल्यावर त्या एका दिवसाच्या आत काही सेकंद उघड्या ज्वाळेतून काढतात. जपानी लोक चहाचे पान वाफवतात आणि चिनी लोक ते कढईत परततात, त्याच हेतूने हे केले जाते. पानातले जे विकर त्याला काळे पाडते ते उष्णतेने निकामी होते आणि पान हिरवे राहते. त्यानंतर पान कित्येक तास मंद उष्णतेवर वाळवतात, भरड कुटतात आणि आर्जेंटिनात तर वर्ष-दोन वर्षे मुरू देतात. ब्राझीलमध्ये ते ताजेच विकतात. त्यामुळे तिथली येर्बा पोपटी, बारीक आणि चवीला कोवळी असते. वाळवण्याची जुनी पद्धत लाकडाच्या विस्तवावरची आहे आणि मातेतला धूर तिथून येतो.

आपल्या षड्रसांच्या भाषेत सांगायचे तर चहाचा प्रधान रस तुरट आहे. दूध घातल्यावर तो मवाळ होतो. मातेत तुरटपणा कमी आणि कडूपणा अधिक. हा कडूपणा एकट्या कॅफीनचा नाही; क्लोरोजेनिक आम्लाच्या वर्गातली द्रव्ये आणि सॅपोनिने यांचाही त्यात वाटा आहे. रिठ्याला फेस आणतात त्याच वर्गातली ही सॅपोनिने. त्यांच्यामुळे पाणी ओतताच मातेवर बारीक फेस येतो आणि जाणकार त्या फेसावरून येर्बा ताजी आहे की निःसत्त्व झाली ते ओळखतात. पाणी उकळते असून चालत नाही. ७० ते ८० अंशांचे लागते, नाहीतर चुरा 'जळतो' आणि कडूपणा असह्य होतो. एकाच चुऱ्यावर दहा-पंधरा वेळा पाणी ओतले जाते. पहिली वेळ सर्वांत कडू. 'पहिले माते मूर्खाचे' अशा अर्थाची म्हण आर्जेंटिनात आहे, आणि शिष्टाचार असा की पाजणाऱ्याने ते स्वतः प्यावे. पुढे चव उतरत जाते आणि शेवटी चुरा धुतल्यासारखा होतो. चहाचा कप एकाच चवीचा असतो. मातेची चव मात्र तासाभरात आरंभाकडून शेवटाकडे जात राहते आणि मंडळातल्या प्रत्येकाच्या वाट्याला तिचा वेगळा टप्पा येतो.

आता तरतरी. १८१९ साली रुंगे या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने कॉफीच्या बीपासून कॅफीन वेगळे केले. चहातून मिळालेल्या द्रव्याला काही वर्षे 'थीन' असे निराळे नाव होते. पुढे दोन्ही एकच असल्याचे सिद्ध झाले. १८४३ साली स्टेनहाउस या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने तेच द्रव्य 'पाराग्वेच्या चहा'तही दाखवून दिले. असे असूनही मातेतले उत्तेजक द्रव्य कॅफीन नसून 'मातेईन' नावाचे काही सौम्य, झोप न उडवणारे द्रव्य आहे, ही समजूत आजही जाहिरातींत आढळते. ते कॅफीनचेच आरशातले रूप आहे असेही सांगितले जाते. कॅफीनच्या रेणूची रचनाच अशी आहे की त्याला वेगळे आरशातले रूप असू शकत नाही. तेव्हा हा दावा पहिल्याच पायरीवर कोसळतो. वाळलेल्या येर्बात साधारण १ ते २ टक्के कॅफीन असते आणि त्याहून कमी प्रमाणात थिओब्रोमीन, म्हणजे कोकोतले मुख्य उत्तेजक.

मग माते पिणारे ज्या निराळ्या, संथ तरतरीचे वर्णन करतात ती कुठून येते? मला तरी तिचे उत्तर पिण्याच्या रीतीत दिसते. भोपळ्यात ५० ग्रॅम येर्बा घातली तर तिच्यात किमान ५०० मिलिग्रॅम कॅफीन असणार. ते सगळे पाण्यात उतरत नाही, पण जे उतरते ते एका कपातून एकदम पोटात जात नाही. दहा-पंधरा हप्त्यांत, तास-दीड तासात आणि चार-पाच माणसांत ते वाटले जाते. एकटा माणूस सारा थर्मास संपवतो तेव्हा त्याची झोप कॉफी पिणाऱ्याइतकीच उडते. निराळेपण द्रव्यात नसून वाटपात आहे.

आरोग्याविषयीही दोन शब्द लिहायला हवेत. १९९१ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने गरम माते 'बहुधा कर्ककारक' या वर्गात घातले होते. २०१६ साली त्या संस्थेने हा निष्कर्ष बदलला. ६५ अंशांहून अधिक गरम असलेले कोणतेही पेय अन्ननलिकेला बहुधा घातक आहे, आणि त्याहून कोमट मातेविरुद्ध तसा पुरावा नाही, असे तिने म्हटले. म्हणजे येथेही दोष पानाचा कमी आणि पिण्याच्या रीतीचा अधिक निघाला.

व्यसन, चेटूक आणि खंडणी

असुन्सिओन हे शहर १५३७ साली वसले. तिथे आलेल्या स्पॅनिशांनी गुआरानींकडून हे पान घेतले आणि दोन पिढ्यांच्या आत शहराला त्याची तलफ लागली. १६१० साली दिएगो दे तोरेस या जेसुइट अधिकाऱ्याने लिमाच्या धर्मन्यायालयाकडे तक्रार केली की येर्बा पिण्याची रीत ही सैतानी अंधश्रद्धा आहे. त्याच दशकात एर्नांदारियास या गव्हर्नराने तिच्यावर बंदी घातली. हा स्वतः असुन्सिओनमध्येच जन्मलेला होता, तेव्हा व्यसनाशी त्याचा परिचय ऐकीव नसणार. त्याचा आक्षेप धर्मशास्त्रीय नव्हता. येर्बाने माणसे आळशी होतात आणि कामधंदा सोडून बसतात, असे त्याचे म्हणणे.

बंदी टिकली नाही. पण पिणारे आळशी होतात अशी ओरड ज्या वर्षांत चालू होती त्याच वर्षांत येर्बा गोळा करणारे काय भोगत होते, हे पाहण्यासारखे आहे. असुन्सिओनच्या ईशान्येला म्बाराकायूचे अरण्य आहे. स्पॅनिश जमीनदार आपल्याकडे नेमून दिलेल्या गुआरानींना तिथे पाने तोडायला पाठवीत. १६११ साली फ्रान्सिस्को दे आल्फारो या न्यायाधीशाने जे नियम केले त्यांत या कामावर निर्बंध घालावे लागले, यावरूनच परिस्थितीची कल्पना यावी. अंतोनियो रुइस दे मोंतोया हा जेसुइट या लोकांत पंचवीसएक वर्षे राहिला. १६३९ साली माद्रिदमध्ये छापलेल्या त्याच्या ग्रंथात येर्बावर एक प्रकरण आहे. या कामाने हजारो इंडियनांचा बळी घेतला असून अरण्यात त्यांच्या हाडांचे ढीग आपण पाहिले आहेत, अशी साक्ष तो देतो. पाठीवर भार, पोटात काही नाही आणि परतीची वाट लांब, अशी त्या मृत्यूंची कारणे त्याच्या वर्णनातून उलगडतात.

त्याच प्रकरणात मोंतोया पानाचे गुणही नोंदवतो. ते कामाला हुरूप देते, अन्नाची गरज भागवते, पोट साफ करते, इंद्रिये जागवते आणि झोप घालवते. आपण म्हाताऱ्या गुआरानींना विचारले असता, त्यांच्या तरुणपणी हे पान एका मोठ्या मांत्रिकाखेरीज कोणी पीत नव्हते असे त्यांनी सांगितले, हेही तो लिहितो. स्पॅनिश येण्यापूर्वी येर्बा सर्वांचे रोजचे पेय होते की मांत्रिकाची वनस्पती होती, हा वाद त्यामुळे अजून मिटलेला नाही. मला महत्त्वाचे वाटते ते इतकेच की चेटूक, हुरूप आणि हाडांचे ढीग ही तिन्ही एकाच लेखकाच्या एकाच प्रकरणात शेजारी शेजारी आली आहेत. पुढच्या शतकांत ती एकमेकांपासून दूर गेली.

जेसुइटांचे मन मात्र लवकरच बदलले. १६०९ पासून त्यांनी गुआरानींच्या वसाहती उभारल्या. त्यांची संख्या पुढे ३० वर गेली. दारूऐवजी माते ही देवाणघेवाण पाद्र्यांना सोयीची वाटली. वसाहतीतल्या कुटुंबांना येर्बाचा नियमित वाटा मिळू लागला. स्पेनच्या राजाला प्रत्येक प्रौढ पुरुषामागे द्यायची एक पेसोची खंडणीही येर्बा विकूनच भरली जाई. असुन्सिओनच्या व्यापाऱ्यांनी तक्रार केल्यावर वसाहतींच्या विक्रीवर वर्षाला १२,००० अरोबांची, म्हणजे सुमारे १४० टनांची, मर्यादा घालण्यात आली. येर्बा तिथून सांता फे आणि ब्युनोस आयरेसमार्गे चिली, लिमा आणि पोतोसीच्या चांदीच्या खाणींपर्यंत जाई. एकेकाळी ज्या संघाच्या अधिकाऱ्याने या पानाची धर्मन्यायालयात तक्रार केली, त्याच संघाच्या नावावरून युरोपात त्याला 'जेसुइटांचा चहा' म्हणू लागले.

न उगवणारे बी

जेसुइटांच्या कर्तृत्वातला एक भाग निर्विवादपणे मोठा होता. त्यांच्या वसाहतींत गुआरानींनी येर्बाची लागवड साधली. हे वाटते तितके सोपे नाही. फळ पिकते तेव्हा बीमधला गर्भ अपुऱ्या वाढीचा असतो, बीचे कवच कठीण असते आणि साध्या मातीत टाकलेले बी महिनोन्महिने तसेच पडून राहते. पक्ष्यांच्या पोटातून गेलेले बी लवकर रुजते, हे पाहून बिया धुऊन, भिजवून रोपे करण्याची रीत वसाहतींत बसवली गेली. गावाजवळच बाग असल्यामुळे म्बाराकायूच्या जीवघेण्या फेऱ्या टळल्या. देठ काढून टाकलेली त्यांची बारीक येर्बा, 'काआ मिनी', बाजारात सर्वांत महाग विकली जाई.

१७६७ साली स्पेनच्या राजाने जेसुइटांना आपल्या साम्राज्यातून हाकलले. पुढच्या दशकांत वसाहती ओस पडल्या, बागा रानात मिसळल्या आणि बी रुजवण्याची विद्या विसरली गेली. पुढची शंभराहून अधिक वर्षे जगातली जवळजवळ सारी येर्बा जंगली झाडांवरूनच आली. या एका गोष्टीचे परिणाम दूरवर पोचले. झाड शेतात लावता येत नसेल तर माणसाला झाडाकडे जावे लागते. झाड घनदाट अरण्यात, नदीच्या वरच्या अंगाला, वस्तीपासून कित्येक दिवसांच्या अंतरावर असेल, तर तिथे राजीखुशीने जाणारी माणसे थोडी असतात. मग माणसे न्यावी लागतात आणि परत येऊ नयेत अशी तजवीज करावी लागते.

लागवडीचा एक प्रयत्न मध्यंतरी झाला, त्याची हकिकत विलक्षण आहे. हुंबोल्टबरोबर दक्षिण अमेरिका पालथी घालणारा फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ एमे बोंप्लां १८१७ साली ब्युनोस आयरेसला आला. १८२१ साली त्याने सांता आना या पूर्वीच्या जेसुइट वसाहतीत गुआरानींच्या मदतीने येर्बाचे उत्पादन आणि लागवड सुरू केली. पाराग्वेचा हुकूमशहा होसे गास्पार रोद्रिगेस दे फ्रान्सिया याला आपल्या येर्बाला प्रतिस्पर्धी नको होता आणि तो प्रदेशही तो आपलाच मानत होता. त्याच वर्षी डिसेंबरात त्याच्या सैनिकांनी हल्ला केला, मजूर मारले आणि बोंप्लांला कैद करून नेले. सोडवणुकीसाठी बोलिव्हारने फ्रान्सियाला पत्र लिहिले. उपयोग झाला नाही. बोंप्लां पाराग्वेतल्या एका खेड्यात शेती आणि वैद्यकी करत राहिला. १८२९ साली त्याला मोकळीक मिळाली. त्याच्या कैदेला वर्षही झाले नव्हते तेव्हा, १८२२ साली, ओग्युस्त द सेंत-इलेर या दुसऱ्या फ्रेंच शास्त्रज्ञाने ब्राझीलच्या कुरितिबाजवळ पाहिलेल्या झाडाला 'इलेक्स पाराग्वारिएन्सिस' हे शास्त्रीय नाव दिले. नाव पाराग्वेचे झाले, पण फ्रान्सियाने सीमा बंद केल्याने व्यापार मात्र ब्राझीलकडे वळत होता.

पानांच्या खाणी

१८६४ ते १८७० या काळात पाराग्वेने ब्राझील, आर्जेंटिना आणि उरुग्वे यांच्याशी जे युद्ध केले त्यात तो देश उद्ध्वस्त झाला. युद्धानंतर कर्ज फेडण्यासाठी सरकारी अरण्ये विकण्यात आली. १८८६ साली स्थापन झालेल्या 'ला इंदुस्त्रियाल पाराग्वाया' या कंपनीने त्यांतला प्रचंड वाटा घेतला. सीमेपलीकडे ब्राझीलच्या मातो ग्रोसो प्रांतात 'माते लारांजेइरा' कंपनीला तसाच विस्तीर्ण मक्ता मिळाला. कायदा त्याआधीच तयार होता. १ जानेवारी १८७१ च्या फर्मानाप्रमाणे मालकाच्या सहीचा परवाना नसताना काम सोडणाऱ्या मजुराला पकडून परत नेण्यात येई आणि पकडण्याचा खर्च त्याच्याच नावे लिहिला जाई.

या व्यवस्थेची किल्ली 'आंतिसिपो' या शब्दात होती. कोशात त्याचा अर्थ 'आगाऊ रक्कम' असा सापडेल, पण मराठीत त्याला अधिक नेमका शब्द आहे : उचल. साखर कारखान्यांसाठी बीडकडच्या ऊसतोड मजुरांना हंगामाआधी मुकादम जी उचल देतो आणि जी फिटेपर्यंत टोळीला फड सोडता येत नाही, ती ज्यांना ठाऊक आहे त्यांना पाराग्वेचा हा प्रकार निराळा समजावून सांगायला नको. पाराना नदीवरच्या पोसादास या बंदरात मुकादम मजूर गाठीत. हाती पडलेली उचल दोन-तीन दिवसांत दारूच्या गुत्त्यात, नव्या कपड्यांत आणि नाचात उडे, आणि मग बोट नदीच्या वरच्या अंगाला निघे. रानात खाणेपिणे, कपडे, हत्यारे सगळे कंपनीच्याच दुकानातून, कंपनीच्याच भावाने घ्यावे लागे. कर्ज फिटण्याऐवजी वाढे. महिन्याच्या बोलीवर घेतलेला तो स्पॅनिशमध्ये 'मेन्सुआल', आणि गुआरानी जिभेवर त्याचे झाले 'मेन्सू'. पाने तोडणाऱ्याला मात्र 'मिनेरो', म्हणजे खाणकामगार, म्हणत आणि येर्बाच्या रानाला 'मिना', म्हणजे खाण. झाडांच्या रानाला खाण म्हणणाऱ्यांना आपण काय करत आहोत हे बहुधा नीट ठाऊक होते.

१९०८ साली असुन्सिओनच्या 'एल दियारियो' या वृत्तपत्रात राफाएल बार्रेत याने येर्बाच्या रानांवर लेखमाला लिहिली. बार्रेत स्पेनमध्ये जन्मलेला, ब्रिटिश बापाचा मुलगा. १९०४ साली पाराग्वेत आला आणि तिथलाच झाला. त्याने कंपन्यांची नावे घेतली, फर्मान उद्धृत केले, हिशेब मांडले. स्वतःच्या वजनाहूनही जड मोळी कपाळपट्ट्याने पाठीवर पेलत चिखलवाटेने चालणारा मिनेरो, विस्तवाच्या धगीत रात्रंदिवस पान वाळवणारा माणूस, पळून गेलेल्यांचा पाठलाग, या साऱ्याचे त्याने केलेले वर्णन शंभर वर्षांनंतरही अंगावर येते. त्याने या व्यवस्थेला सरळ गुलामगिरी म्हटले. १९१० साली क्षयाने तो वारला, तेव्हा त्याचे वय ३४ होते.

बार्रेतने जी वाट पाडली तिच्यावरून कथा-कादंबरीकार आले. मिसिओनेसमध्ये घर बांधून राहिलेला उरुग्वेचा कथाकार ओरासिओ किरोगा याने 'लोस मेन्सू' ही कथा लिहिली. तीत उचल, गुत्ता, बोट, पलायन असे सगळे चक्र आहे. आल्फ्रेदो वारेलाच्या १९४३ च्या कादंबरीवरून उगो देल कार्रिल याने १९५२ साली चित्रपट काढला. पाराग्वेच्या आउगुस्तो रोआ बास्तोस याच्या १९६० च्या 'इहो दे ओम्ब्रे' या कादंबरीतही येर्बाच्या रानातून बायकोमुलासह पळणाऱ्या मजुराची कहाणी आहे. एका पेयाच्या पुरवठ्याने एवढे गंभीर साहित्य निर्माण करावे ही गोष्ट दुर्मीळ आहे. चहाच्या बाबतीत मुल्कराज आनंदांची आसामच्या मळ्यावरची कादंबरी तेवढी चटकन आठवते.

मळे आणि मंडळ

रानाची सद्दी संपवली ती बीने. १८९० च्या दशकात ब्युनोस आयरेसच्या वनस्पती उद्यानाचा संचालक कार्लोस थाइस याने बिया गरम पाण्यात बराच काळ भिजवून रुजवून दाखवल्या. १९०३ साली मिसिओनेसमधल्या सान इग्नासिओ येथे पहिला मोठा मळा लागला. पोलंड, युक्रेन आणि जर्मनीतून आलेल्या कुटुंबांनी लहान लहान बागा उभ्या केल्या. चे गेवाराच्या वडिलांनीही १९२७ च्या सुमारास मिसिओनेसमधल्या काराग्वाताय येथे येर्बाची जमीन घेतली होती. क्रांतिकारकाचे मातेप्रेम म्हणजे एका अर्थी घरचेच पीक. उत्पादन इतके वाढले की १९३५ साली सरकारला नियामक मंडळ नेमून लागवडीवर मर्यादा घालाव्या लागल्या. ते मंडळ १९९१ साली मोडीत निघाले, २००२ साली नवी राष्ट्रीय संस्था आली आणि पानाचा किमान भाव ठरवण्याचा तिचा अधिकार डिसेंबर २०२३ च्या फर्मानाने काढून घेतला गेला. लहान शेतकऱ्यांचे त्यानंतरचे गाऱ्हाणे आपल्या कांदा-ऊस उत्पादकांना सहज समजेल.

आज पान तोडणाऱ्याला 'तारेफेरो' म्हणतात. पाठलाग करणारे बंदूकवाले आता नाहीत; मळ्यांपर्यंत रस्ते आहेत, कायदे आहेत, संघटना आहेत. पण काम हंगामी, मजुरी वजनावर, आणि ठेकेदार मध्ये असतोच. बी उगवू लागले म्हणजे मजुराची सुटका होईल, हा निष्कर्ष मी वर जवळजवळ काढला होता. तो पुरता खरा नाही हे कबूल केले पाहिजे. अरण्याने मजुराला कोंडले होते, मळ्याने त्याला मोकळे केले, पण त्याची दाद पेयाच्या किमतीत अजूनही लागत नाही.

पिणाऱ्यांच्या बाजूला मात्र मातेचा संसार वाढतच गेला. आर्जेंटिनात दरडोई वर्षाला ६ किलोहून अधिक येर्बा लागते. उरुग्वेत त्याहूनही अधिक, आणि तो देश ती जवळजवळ सारी बाहेरून आणतो. आर्जेंटिनातून मायदेशी परतलेल्या स्थलांतरितांनी ती सीरिया आणि लेबनॉनमध्ये नेली. पाराग्वेत ती थंड पाण्यात, औषधी मुळ्यापाने ठेचून घालून पितात. त्या 'तेरेरे'ला आणि त्यामागच्या वनौषधींच्या ज्ञानाला २०२० साली युनेस्कोने मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. चारशे वर्षांपूर्वी ज्याला सैतानी ठरवले होते त्याची अशी फेड झाली.

मंडळात बसून माते पिताना ज्या समतेचे कौतुक केले जाते ती खोटी नाही. एकच नळी, एकच भोपळा, आणि पाजणारा सर्वांत कडू घोट स्वतः घेतो, ही रीत मला आजही मोहवते. पण ज्या माणसाने सर्वांत कडू वाटा घेतला तो त्या मंडळात बसलेला नव्हता. अलीकडे मला पुन्हा माते पिण्याचा योग आला. चव आता परकी वाटत नाही. धुराचा वास येतो तेव्हा तो विस्तव कोणी राखला असेल असा विचार मात्र मनात येतो. या वेळी मी 'धन्यवाद' म्हणालो नाही, भोपळा मुकाट्याने परत दिला, आणि पाचव्या फेरीनंतर तो पुन्हा माझ्या हाती आला.